बॉक्सच्या आतली बाजू

१

वरातीत नवरदेवाच्या खालोखाल भाव असतो तो ऑक्टोपॅडवाल्याला. मग कीबोर्डवाला, मग गाणारा. बास गिटारवाला गाडीवर नेमका कुठे उभा होता हे दुसऱ्या दिवशी गाडीच्या ड्रायव्हरलाही सांगता येत नाही. मी राजुरीच्या दादाभाऊंच्या बेंजो पार्टीत बास वाजवतो आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बास चालू असताना कोणाला कळत नाही. तो बंद पडला की मात्र नाचणारी माणसं उगाच एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात.

म्हणणं होतं ते दादाभाऊंचं. "रामदास, तुझा बास नुसता गुरगुरतोय राव. पोटात उतरत न्हाई."

खरंच उतरत नव्हता. म्हणून लग्नसराई सुरू व्हायच्या आधी मी रोज दुपारी जेवण झालं की बराखीत जाऊन बसायचो. वारूळवाडीला आमच्या मळ्यात कांदा साठवायची बराख आहे, लांबलचक, दोन्ही बाजूंनी पट्ट्यापट्ट्यांची. उन्हाळी कांदा निघेपर्यंत ती रिकामीच असते. तिथे माझा अॅम्प, स्पीकरचा बॉक्स, आवाज बदलायची तीन पेडलं आणि एक पायमोडकं स्टूल. बास वाढव, मिड म्हणजे मधला आवाज कमी कर, पेडल चालू कर, बंद कर, पुन्हा तीच तार छेड. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, माणूस कामातून गेला.

या वेडात माझ्या सोबतीला मंगल असायची. मंगल माझी बायको. एका तापाच्या आजारात तिचे दोन्ही कान गेले. पुण्याहून कानातलं मशीन आणलं, पण त्यात तिला पत्रा खरवडल्यासारखंच ऐकू यायचं, ते तिने कपाटात ठेवून दिलं. ओठ बघून तिला बरंच कळतं. पाठीमागून कितीही ओरडा, काही नाही. मी तिला मागून हाक मारतो आणि मग आठवतं, अशी सवय माझी अजून गेलेली नाही.

पण बास तिला कळायचा. ती बॉक्ससमोर गोणपाट टाकून मांडी घालून बसायची आणि पुढच्या फळीवर, स्पीकरच्या वर कोरी जागा असते तिथे, उजवा तळहात ठेवायची. मी वाजवायचो, ती सांगायची.

"हा मनगटात राहतोय."

मी मिड कमी करायचो.

"आता कोपरापोतुर आला."

लोक चांगल्या आवाजासाठी कुठली कुठली महागडी पेडलं मागवतात. मी बायकोच्या हातावरून आवाज लावत होतो, आणि खरं सांगतो, त्या दुपारी मला फार आवडायच्या. माझं बोलणं तिच्यापर्यंत अर्धंमुर्धं पोचायचं. वाजवणं सबंध पोचायचं.

२

जुना बॉक्स फाटक्या आवाजाचा झाला होता, म्हणून मी वजीरभाईंकडून नवा करून घेतला. वजीरभाई जुन्नरला बॉक्स बनवतात, आसपासच्या निम्म्या डीजेवाल्यांच्या गाडीवर त्यांचंच काम असतं. प्लाय नवीकोरी, माझ्यासमोर कापलेली. आत स्पीकर, थोडा कापूस, दोन वायरी. फळीला अजून फेविकॉलचा वास येत होता.

"घरी नेऊन आठ दिवस वाजवा भाऊ," वजीरभाई म्हणाले. "नवा बॉक्स आकडल्यावाणी असतो. मग मोकळा व्हतो."

आठ दिवस लागले नाहीत. पहिल्याच दुपारी मी सगळ्यात जाडी तार छेडली आणि मला समजलं की हाच तो. गुरगुर नाही, घरघर नाही. सूर गोल, भरलेला, तरी बोट तारेवर कुठे पडलं ते स्वच्छ कळतंय. मी मंगलकडे बघितलं. तिने डोळे मिटले होते आणि डावा हात गळ्याच्या खाली, छातीवर धरला होता.

"इथं," ती म्हणाली. "पार इथं आला."

मला रडू आलं. लाजायचं कशाला, आलं.

मग मी तिला तिच्या आवडीची गाणी वाजवून दाखवली. नुसत्या बासवर गाणं ओळखणं सोपं नाही, पण ती मान हलवून ठेका धरायची. मी थांबलो, गिटार मांडीवरून उतरवली, पाणी प्यायलो. ती तशीच बसून होती. डोळे मिटलेले, तळहात फळीवर.

आणि मान हलत होती. एका लयीत, सावकाश, मधे एक दम घेऊन पुन्हा. मी वाजवलेल्या कुठल्याच गाण्याचा तो ठेका नव्हता.

मी तिच्या खांद्याला हात लावला. तिने डोळे उघडले, माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि तिचा चेहरा जरासा गोंधळला.

"थांबलात व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं, वाजतंय."

३

वायरीशी खेळणाऱ्या माणसाला भुताखेतांवर विश्वास ठेवायला वेळ नसतो. अर्थिंग नीट नसलं की अॅम्प हुंहुं करतो. शेजारच्या मळ्यात मोटार चालू असली तरी जमिनीतून कंप येतो. मी अर्थिंग बघितलं. मोटार बंद असतानाची वेळ साधली. मग अॅम्पची पिन काढली, बॉक्सची वायरही काढली आणि मंगलला खूण केली, ठेव हात.

तिने ठेवला. थोडा वेळ तोंडावर काही नव्हतं. मग ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, आणि मान हलू लागली.

मी तिच्या हाताशेजारी माझा हात ठेवला. फळी. नुसती फळी. दुपारच्या उन्हाने बराख तापली होती, पण फळी मात्र माठासारखी गार होती.

डॉक्टरांनी मागे सांगितलं होतं की कान गेलेल्या माणसाला कधी कधी आपोआप आवाज ऐकू येतात, मेंदू जुनंच काहीतरी वाजवत बसतो. मी ते उत्तर धरून ठेवलं. चांगलं उत्तर होतं. शिवाय मंगल आनंदात होती. भाकरी थापताना गुणगुणायला लागली होती, आणि तिचं गुणगुणणं मी किती दिवसांनी ऐकत होतो. बायको हसते आहे म्हणून नवऱ्याने तक्रार कुठे करायची?

दादाभाऊ एकदा आवाज ऐकायला आले. चार सूर ऐकले आणि खूश झाले. "आता कसं! आतडी हलली," म्हणाले. चहा पीत आम्ही ओट्यावर बसलो होतो. मंगल अंगणात आमच्याकडे पाठ करून तांदूळ पाखडत होती. बोलता बोलता दादाभाऊंचं वाक्य अर्धं राहिलं, कारण मंगल एकदम ताठ झाली, सूप खाली ठेवलं, बराखीकडे तोंड वळवलं आणि मोठ्याने म्हणाली,

"ओ!"

लहान मुलगी आईच्या हाकेला देते तशी ओ. मग पदराला हात पुसत ती बराखीत गेली.

"कोणी हाक मारली?" दादाभाऊंनी विचारलं.

"कोणी न्हाई."

"तिला ऐकू येत न्हाई ना?"

"न्हाई येत," मी म्हणालो. दादाभाऊंनी कप खाली ठेवला आणि थोड्या वेळाने, काम आहे म्हणून उठले.

४

त्या दुपारी मी मंगलला समोर बसवून विचारलं, माझे ओठ दिसतील असं. "तुला काय ऐकू येतं?"

ती लाजली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी ती लाजली की मला अजून बघत राहावंसं वाटतं.

"हसाल तुमी."

"न्हाई हसणार."

"मला सोनी म्हणतं."

मंगल हे तिचं सासरचं नाव. आमच्याकडे अजूनही लग्नानंतर नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. माझ्या आईने मंगल ठरवलं, मी मंगल लिहिलं. त्या दिवसापासून या घरात तिला कोणी सोनी म्हटलं नाही. तिकडे डिंभ्याला, धरणाकाठच्या तिच्या माहेरी, तिचे आईवडील म्हणायचे. तेही आता राहिले नाहीत, घराला कुलूप आहे. म्हणजे सोनी अशी हाक मारणारं माणूस आता कोणीच उरलं नव्हतं.

"शब्द ऐकू येतो?"

"शब्द न्हाई हो. पण धरणाच्या पल्याडून कोणी हाक मारली की शब्द कुठं ऐकू येतो? आपल्यालाच मारली येवढं कळतं ना? तसं."

"आबा आहेत का?" मी विचारलं. मला वाटलं, असतील तर असू देत. बापाने लेकीला हाक मारली, त्यात भ्यायचं काय? भीमाजी आबा फार मायेचे. धरणावर मासे धरायचे आणि जावई आला की सगळ्यात मोठा मासा माझ्या ताटात. ते असतील तर मी रोज बॉक्सला नमस्कार केला असता.

मंगलने बराच विचार केला.

"आबा न्हाईत," ती म्हणाली. "आबांची हाक वरून यायची, त्ये उंच व्हते. हे खालून येतं. कोण हाय ते न्हाई म्हाईत. पण लई मायेनं बोलवतं हो."

"कुठं बोलवतं?"

तिने खांदे उडवले आणि माझ्या गालाला हात लावला. "तुमी नका काळजी करू," म्हणाली.

५

दुसऱ्या दिवशी मी दादाभाऊंचा टेम्पो मागवला आणि बॉक्स जुन्नरला नेला. मंगलला म्हणालो, स्पीकर तपासून आणतो. टेम्पो वळेपर्यंत ती दारात उभी होती.

वजीरभाईंनी बॉक्स टिचकी मारून पाहिला, वाजवून पाहिला. "खणखणीत हाय. तरी ऱ्हाऊ द्या, उद्या बघतो," म्हणाले. त्यांची बायको अनवरी दुकानाच्या पायरीवर बसली होती, तिने मंगलची चौकशी केली. बॉक्स तिथे ठेवून मी निघालो तेव्हा मला हलकं वाटत होतं. नारायणगावच्या स्टँडवर एसटीतून उतरून मंगलसाठी जिलेबीसुद्धा घेतली.

घर उघडं होतं. चुलीजवळ ती नाही, बराखीत नाही. बराखीतल्या गोणपाटावर, बॉक्स उभा असायचा त्या जागेसमोर, बसल्याचा खळगा होता. मी नाव घेऊन ओरडत मळ्यात पळालो. मंगल, मंगल. बहिऱ्या माणसाला हाका मारत पळणं किती मूर्खपणाचं असतं ते तेव्हा कळलं.

ती शेततळ्यावर होती. आमचं शेततळं खोल आहे, आतून सगळीकडे काळा प्लास्टिकचा कागद. त्याच्या उतारावर पाय ठेवला की माणूस घसरलाच, चांगले पोहणारेही वर येत नाहीत, म्हणून आम्ही चारी कडांना दोर बांधून ठेवलेत. मंगल त्या उतारावर बसली होती, पार पाण्यापाशी. कशी टिकून होती देव जाणे. पाय पाण्यात गेले होते आणि उजवा तळहात तिने पाण्यावर उताणा नाही, पालथा ठेवला होता. फळीवर ठेवायची तसा. दाबून.

मी दोर कमरेला गुंडाळला, उतरलो, मागून तिला मिठीत धरलं. ती दचकली, आणि आम्ही दोघं घसरलो. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा दोर ताणला आणि लागला. वर कसे आलो ते आठवत नाही. कडेवर पडून मी तिला घट्ट धरून रडत होतो आणि ती माझे केस पुसत होती, जणू मीच बुडत होतो.

"अहो, मी कुठं जात व्हते? हात शोधत व्हते नुसता," ती म्हणाली. "बॉक्स नेला तुमी. मग मी कुठं धरू?"

वजीरभाईंचा फोन संध्याकाळी आला. "भाऊ, फॉल्ट काय बी न्हाई. पण बॉक्स उद्या सकाळीच घेऊन जा."

"का हो?"

"काय न्हाई. अनवरी झाडताना टेकली त्याला. नको म्हणती घरात."

मी कुऱ्हाडीने त्याचे तुकडे करायचे ठरवले होते. पण पाण्यावरचा तो तळहात डोळ्यांपुढून हलत नव्हता. बॉक्स होता तोवर मंगल बराखीत बसत होती. मी सकाळी जाऊन बॉक्स परत आणला.

६

तो जागेवर ठेवला आणि मंगल स्वयंपाकाला लागल्यावर मी त्याच्या पाठीमागे गेलो. मला एकदा आत बघायचं होतं. पाठीमागची फळी स्क्रूने बसवलेली असते. ती काढून बाजूला ठेवली, कापूस उचकला. स्पीकर, दोन वायरी, वजीरभाईंच्या पेन्सिलीच्या खुणा. बाकी काही नाही. स्वतःवर हसलोसुद्धा. मग मोबाइलची बॅटरी लावून पुढच्या फळीची आतली बाजू बघितली.

आतून प्लायला रंग नसतो, कोरी पांढरट असते. स्पीकरच्या वर, मंगल बाहेरून हात ठेवते नेमकी त्याच जागी, ती काळपट गुळगुळीत झाली होती. जुन्या घरातली चौकट कशी होते, येता-जाता पिढ्यान् पिढ्या हात टेकून? तशी. तळहाताचा आकार होता, पाची बोटांसकट. आणि प्लाय तर आत्ता आत्ता माझ्यासमोर कापलेली.

उठून पळावं असं फार वाटलं. पण त्याआधी एक वेडगळ विचार आला, तिचा हात रोज कोण धरतं ते समजायला नको का? मी स्पीकरच्या वरून हात आत घातला आणि माझा तळहात त्या डागावर ठेवला. डाग माझ्या हातापेक्षा थोडा मोठा होता. फळी गार होती. मी हात तसाच ठेवला. हळूहळू ती जागा कोमट झाली.

तेवढ्यात गोणपाट सरकल्याचा आवाज आला. मंगल येऊन बसली होती. मी बॉक्सच्या मागे उकिडवा बसलेला, तिला दिसत नव्हतो. तिला वाटत असणार, मी मळ्यात आहे. बांगड्या वाजल्या आणि फळीवर पलीकडून हलका दाब आला.

मग आश्चर्याने म्हणाली,

"आज हात गरम हाय."

ती बोलतच राहिली, हळू, लाडाने, आपल्या माणसाशी बोलावं तसं.

"काल तुमी बोलावलं तिथं आले व्हते. पण त्ये आले आणि मला वर घेतलं. लई भ्यालेत वो त्ये. रात्री झोपेत सुदिक माझा पदर धरून व्हते." मग थांबून म्हणाली, "आज येते. नक्की येते. त्ये जेवले न्हाईत अजून. त्यांना जेवाया घालते, मग येते."

मला ओरडायचं होतं, पण ओरडून तिला काय ऐकू जाणार होतं? तिच्यापर्यंत जाणारा रस्ता एकच होता आणि माझा हात त्याच्यावर होता. मी तोंड फळीला लावलं, पोटातून येईल तेवढा खालचा सूर काढला. इतकी वर्षं तारांमधून जो आवाज शोधत होतो तो गळ्यातून काढायचा प्रयत्न केला. आणि जे नाव मी जन्मात कधी घेतलं नव्हतं ते घेतलं.

"सोनी."

फळी थरथरली. पलीकडचा दाब वाढला.

"ओ," मंगल म्हणाली.

आजारानंतर माझ्या हाकेला तिने दिलेली ती पहिली ओ. मला इतका आनंद झाला की भीती क्षणभर विसरलो. "थांब," मी त्याच सुरात म्हणालो. "सोनी, जाऊ नकोस. थांब."

तेव्हा माझ्या हाताच्या पाठीवर दुसरा तळहात टेकला. गार होता, ओलसर होता, आणि माझ्या हातापेक्षा थोडा मोठा. त्याने मला ढकललं नाही. ओढलंही नाही. नुसता टेकून राहिला, आपली जागा रिकामी व्हायची वाट बघावी तसा.

मी समजलो. मी हात काढला की पुन्हा तोच असणार होता.

चुलीवर भात शिजल्याचा वास बराखीपर्यंत आला. मग तिचा आवाज आला, थोडा गोंधळलेला, पण गोड.

"थांबते की. पण थांब म्हणालं ते दोघांतलं कोण?"

मी हात काढला नाही.